एडीएचडी आणि रागाचा भडका : या चुका टाळा

‘चिडलास की दहापर्यंत आकडे मोज.’ एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूची अवस्था, असलेल्या मोठ्या माणसांना हा सल्ला हमखास मिळतो. पण उसळलेल्या भावनेला आवर घालायला मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स लागतो आणि एडीएचडीत त्याचीच पकड ढिली असते. आकडे मोजायचं आठवेपर्यंत बोलून झालेलं असतं.

त्यामुळे ऐन वेळच्या संयमावर सगळी भिस्त ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. बंदोबस्त आधीच करावा. कुर्ल्याला गाडी अडकलीय, घामाच्या धारा लागल्यात आणि ऑफिसच्या ग्रुपवर साहेब विचारतात, ‘रिपोर्ट कुठाय?’ तुमचं उत्तर तिथून जाऊच नये. प्रवासात ग्रुप म्यूट ठेवा, फारच हात शिवशिवले तर नोट्समध्ये लिहा, उतरल्यावर वाचा. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ची, म्हणजे पाठवलेली मेल परत घेण्याची मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवूनच ठेवा. भावनेच्या भरातली खरेदीही अशीच अडवा : खरेदीच्या ॲपमधून कार्डाची माहिती काढून टाका. रात्री एक वाजता कार्ड शोधायला उठावं लागलं की निम्मी खरेदी तिथेच बारगळते.

भडकलेलं असताना ‘माझं बरोबर की चूक’ याचा निवाडा करत बसू नका. ‘मला अपमान वाटला’ एवढं स्वतःशी म्हणा, पुरे. अर्धवट झोप आणि चुकलेलं जेवण यांचा हिशोब मात्र जरूर करा.

घरच्यांनी ‘शांत हो’ म्हणू नये. त्यानं कोणीही शांत झालेलं निदान मी तरी पाहिलेलं नाही. तुम्हाला उठून गच्चीवर जायचं असेल तर ‘पंधरा मिनिटांत येतो’ सांगून जा. न सांगता गेलात तर घरात त्याचा अर्थ अबोला असाच होतो.

रील पाहून स्वतःचं निदान करू नका. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३च्या अमेरिकी संदर्भग्रंथातल्या एडीएचडीच्या अठरा लक्षणांत रागाचा भडका नाही; तो सोबतीनं दिसतो, इतकंच. सलग काही दिवस झोप कमी, तरी उत्साह उतू जातोय, असं असेल तर बायपोलरची, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराचीही तपासणी हवी. औषधाचा डोस मनानं वाढवू नका, बंदही करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर लगेच फोन करा. एरवी मुंबईत केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्या. निदानासाठी बारा वर्षांच्या आधीच्या खुणा लागतात आणि ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ हा बाईंचा शेरा डॉक्टरांच्या कामाचा असतो.