नागपुरात जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी

नवी असताना ६० लाखांना गेलेली स्पोर्ट्स कार आठ वर्षांनी २० लाखांत मिळू शकते. तिचे ब्रेक डिस्क, सस्पेन्शन आणि सेन्सर मात्र आजही ६० लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. म्हणून खरेदीच्या रकमेचा निदान दहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळा काढावा, आणि तो निघत नसेल तर एक पायरी खाली उतरावे. निगा न राखलेल्या मोठ्या जर्मन कूपेपेक्षा, म्हणजे दोन दारांच्या स्पोर्ट्स कारपेक्षा, जपून वापरलेली पोलो जीटीआय किंवा ऑक्टेव्हिया व्हीआरएस यांसारखी साध्या गाडीची वेगवान आवृत्ती चालवण्याचे समाधान अधिक देते, असे माझे ठाम मत आहे.

नागपुरातील गाडी पाहताना पहिला शोध पाण्याचा घ्यावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. मी एका लाल कूपेचा सौदा जवळजवळ पक्का केला होता. रंग आरशासारखा, आतील चामडे नुकतेच पॉलिश केलेले. सहज म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आत गुंडाळून राहणाऱ्या वीतभर पट्ट्यावर राखाडी गाळाची सरळ रेघ होती. स्टेपनीखालच्या खोलगट जागेत बोट फिरवले, तेव्हा तेथेही वाळलेला गाळ हाताला लागला. अशा गाडीचे वायरिंग आणि कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) पुढे कधीही दगा देऊ शकतात, त्यामुळे तिची किंमत कितीही उतरली तरी ती घेऊ नये.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या शहरात टायर नुसते उभे राहूनही वाळतात, म्हणून नक्षीची खोली पाहून थांबू नये, तर टायरच्या बाजूवरील चार आकडेही वाचावेत: २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. सहा वर्षांपुढचे टायर असतील तर चारही नव्या टायरांची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. हवा नेहमी सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा कमी केली, तर टायर अधिक वाकतो आणि अधिक तापतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे. ड्राय क्लच (तेलात न बुडलेला क्लच) असलेला ड्युअल क्लच गिअरबॉक्स, म्हणजे दोन क्लचने आपोआप गिअर बदलणारा, सीताबर्डीच्या गर्दीत इंच-इंच सरकताना तापतो. म्हणून चाचणी मोकळ्या रस्त्यावर नव्हे, तर भर दुपारी गर्दीत घ्यावी आणि गाडी झटके देते का ते पाहावे.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, परंतु ती नागपूरच्या एमएच-३१ किंवा एमएच-४९ नोंदणीत आणायची तर तिथल्या आरटीओचे फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार घट धरून नव्याने भरावा लागतो. नव्या, २० लाखांवरील पेट्रोल गाडीला येथे १३ टक्के कर आहे, यावरून त्या रकमेचा अंदाज यावा. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, हे हप्त्याचा हिशेब करताना विसरू नये. पाणी शिरून इंजिन बिघडल्यास कामी येणारी इंजिन संरक्षणाची विमा पुरवणी पावसाळ्यासाठी अवश्य घ्यावी.

शिवमडक्यापासून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाहून अनेकांचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. तेथे कारसाठी मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि ती पाळावीच; सरळ, एकसुरी काँक्रीटवर डोळा लागतो आणि टायर तापत राहतात, म्हणून दर दोन तासांनी थांबावे. स्पोर्ट्स कारची खरी मजा स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळण्यात आहे, आणि ती पहाटे सेमिनरी हिल्सच्या वळणांवर ताशी ४० च्या वेगातही मिळते.

सौद्याची रक्कम देण्याआधी दोघांना मागे बसवून गाडी आपल्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवरून तिरपी, अगदी हळू न्यावी. पोट घासले, तर दुसरी गाडी पाहावी.