पॅसिफिक ओलांडणारी लांब क्रूझ: आधी समुद्रातले दिवस मोजा, मग बंदरं बघा

पॅसिफिक क्रॉस करणारी क्रूझ शोधताना बहुतेक जण बंदरांची नावं बघतात, होनोलुलू, बोरा बोरा, सुवा, ऑकलंड, आणि नावं वाचूनच बुकिंग करून मोकळे होतात. माझं ऐका, आधी आयटिनररीत (म्हणजे प्रवासाच्या दिवसवार वेळापत्रकात) ज्या दिवसांपुढे नुसतं ‘ॲट सी’ लिहिलेलं असतं ते दिवस मोजा. तीन-साडेतीन आठवड्यांच्या ट्रिपमधे निम्म्याहून जास्त दिवस तसे निघू शकतात, लॉस एंजेलिसहून हवाई गाठायलाच चार-पाच दिवस जातात आणि तिथून ताहितीकडे निघालात की परत साधारण तेवढेच. सलग पाच दिवस चहूकडे फक्त पाणी, हे वाचून बरं वाटलं तर ही ट्रिप तुमचीच आहे. नुसत्या कल्पनेनेच जीव घाबरा झाला तर मग विमानाने एखाद्या बेटावर जाऊन निवांत राहा, खरंच जास्त मजा येईल.

आता सीझन. उन्हाळाभर अलास्का करणारी बरीच जहाजं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे किंवा आशियाकडे जातात आणि एप्रिल-मेच्या आसपास परत फिरतात. याला रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. जहाजाला तसंही जायचंच असतं त्यामुळे दिवसाचा खर्च बऱ्याचदा कमी पडतो, पण प्रवास एकेरी असतो म्हणून परतीच्या विमानाचं भाडं धरूनच हिशोब करा, नाहीतर स्वस्त वाटलेली ट्रिप महागात जाते. उत्तरेचा रस्ता व्हँकुव्हर किंवा सिॲटलहून अलास्काच्या बाजूने जपानला जातो, तिकडे थंडी, धुकं आणि बऱ्यापैकी लाटा. डेकवर ऊन खात बसायचं असेल तर हवाई-ताहितीचा दक्षिणेचा रस्ता घ्या, फक्त दक्षिण पॅसिफिकमधे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ असतो आणि त्या काळात एखादं बंदर ऐनवेळी गळू शकतं हे मनात धरून चला.

दिशा कुठली घ्यायची याचा विचार फार कमी लोक करतात आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पश्चिमेकडे जाताना दर काही रात्रींनी घड्याळ तासभर मागे करतात, म्हणजे अधूनमधून २५ तासांचा दिवस आणि एक तास जास्तीची झोप. पूर्वेकडे येताना उलटं, २३ तासांचे दिवस, आणि आठवडाभराने माणूस पेंगायला लागतो. पर्याय असेल तर पश्चिमेकडेच जा.

मग येते डेटलाइन, म्हणजे पॅसिफिकमधली तारीख बदलण्याची रेषा. पश्चिमेकडे जाताना एक अख्खी तारीख गायब होते, पूर्वेकडे येताना एकच तारीख दोनदा येते. त्यामुळे उतरल्यावरचं हॉटेल आणि विमान बुक करताना रात्री मोजत बसू नका, आयटिनररीतली तारीख बघा. रोजच्या गोळ्या मात्र तारखेवर न मोजता दिवसांवर मोजा. आणि ही रेषा सरळही नाही, सामोआ देशाने २०११ साली ३० डिसेंबर ही तारीखच गाळली आणि रेषेच्या पलीकडे गेला, शेजारचं अमेरिकन सामोआ अलीकडेच राहिलं, त्यामुळे सामोआचं आपिया आणि अमेरिकन सामोआचं पागो पागो इतकी जवळ असूनही तारखेत पूर्ण एका दिवसाचा फरक आहे.

व्हिसाचं काम सगळ्यात आधी. जहाजावरून उतरणार नाही म्हणून व्हिसा नको असं धरून चालू नका, वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम आपल्या पासपोर्टप्रमाणे तपासा. ताहिती, बोरा बोरा ज्यात येतात तो फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेनमधे (म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत) येत नाही, तेव्हा हातात शेंगेन व्हिसा आहे म्हणून ताहितीचा प्रश्न आपोआप सुटत नाही. अजून एक, अमेरिकेत १८८६ पासूनचा एक कायदा आहे, त्यामुळे परदेशी झेंड्याचं (म्हणजे परदेशात नोंदलेलं) जहाज एका अमेरिकन बंदरात चढलेल्या प्रवाशाला मधे दूरचं परदेशी बंदर लागल्याशिवाय दुसऱ्या अमेरिकन बंदरात कायमचं उतरवू शकत नाही. म्हणजे लॉस एंजेलिसला चढून कंटाळा आला तर होनोलुलूला उतरू, असा प्लॅन नको.

केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. बोट लागण्याचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. इन्शुरन्समधे मेडिकल इव्हॅक्युएशन (म्हणजे आजारी माणसाला मोठ्या हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च) हवंच हवं. भर समुद्रात हेलिकॉप्टर बऱ्याचदा पोचत नाही, जहाज किनाऱ्याजवळ येईपर्यंत जहाजावरचा छोटा दवाखाना हाच आधार, आणि त्याचं बिल वेगळं येतं. नेहमीची औषधं दोन आठवड्यांची जास्तीची घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. निघायच्या बंदरावर किमान एक दिवस आधी पोचा, जहाज चुकलं तर पुढचं बंदर पाच दिवसांवर असतं.

समुद्रातल्या दिवसांची तयारी घरूनच करायची. सॅटेलाइट इंटरनेट आता बऱ्याच जहाजांवर चांगलं चालतं पण त्याच्या भरवशावर राहू नका, पुस्तकं, सिनेमे, गाणी आधी डाउनलोड करा, आणि जहाज निघालं की फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर जहाजाच्या मोबाइल नेटवर्कचं रोमिंग बिल येतं. दुर्बीण न्याच. उडणारे मासे दिसतात, दक्षिणेला अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी दिसतो, आणि रात्री पुढच्या डेकवर अंधार असेल तर विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जाताना, सीझन जुळला तर, दक्षिणेचा क्रॉस हा तारकासमूह रोज थोडा थोडा वर चढताना बघता येतो, एवढ्यासाठी सुद्धा ही ट्रिप करावी असं मला मनापासून वाटतं. विषुववृत्तावर समुद्रदेव नेपच्यून राजाच्या दरबाराचा गमतीचा कार्यक्रम बहुतेक जहाजांवर होतो, त्यात भाग घ्या, नुसते बघत उभे राहू नका.

बंदरांचं थोडक्यात. बोरा बोरासारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटीने जावं लागतं आणि लाटा जास्त असल्या तर ते रद्द होतं, तेव्हा तिथलं जहाजाबाहेरून केलेलं बुकिंग पैसे परत मिळणारं असू दे. टोंगा, सामोआला रविवार पडत असेल तर बहुतेक सगळं बंद, चर्चमधलं गाणं ऐका. डासांचं क्रीम कायम जवळ ठेवा, बेटांवर डेंग्यू असतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात उतरताना जहाजावरचं सफरचंदसुद्धा बॅगेत नको, न्यूझीलंडमधे न सांगता नेलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे, आणि बुटांना माती लागलेली असेल तर ते आदल्या रात्रीच केबिनमधे घासून धुऊन ठेवा.