साताऱ्यात घरांचे फोटो काढता? दर असा ठरवा

एजंटने फोनवर "एका फ्लॅटचे किती घेता?" असं विचारलं की बरेच जण पोवई नाक्यावरचा दुसरा फोटोग्राफर किती घेतो ते आठवतात आणि दोनशे कमी करून सांगतात. पण त्या दुसऱ्याचा कॅमेरा लग्नाच्या सीझनवर केव्हाच फिटलेला असेल आणि घरांचे फोटो हे त्याचं जोडकाम असेल. त्याचा दर त्याच्या खर्चावर बसलाय. तुमचा तुमच्या वहीतून यायला हवा.

आधी वर्षाचा हिशेब मांडा

महिन्याचा मांडू नका, फसाल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उजेडाचा भरवसा नसतो, पाचगणी-महाबळेश्वरला तर धुक्यात समोरची भिंतही दिसत नाही. त्या चार महिन्यांतही घरभाडं आणि हप्ते चालूच असतात.

नमुना म्हणून हे आकडे घ्या आणि त्यांच्या जागी आपले घाला. घरखर्चासकट स्वतःचा पगार महिना ३०,०००. कॅमेरा, वाइड लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश आणि कॉम्प्युटर मिळून २,४०,०००. ते चार वर्षं चालतील असं धरलं तर महिन्याला ५,०००. सॉफ्टवेअर, इंटरनेट, हार्ड डिस्क, दुरुस्ती ३,०००. झाले महिन्याला ३८,०००, म्हणजे वर्षाला ४,५६,०००.

आता कामं मोजा. कोरड्या आठ महिन्यांत दरमहा चौदा, पावसाळ्यात सात, एकूण १४०. भागाकार केला की एका कामाला साधारण ३,२६० येतात. बुडीत उधारी आणि थोडी शिल्लक यासाठी १५ टक्के वर धरा, म्हणजे ३,७५० च्या आसपास. टू बीएचकेसाठी हा तुमचा तळ, आणि ३,२६० च्याही खाली गेलात तर खिशातून पैसे घालताय. रो हाउस किंवा बंगला असेल तर खोल्या आणि वेळ बघून वाढवा.

"दहा मिनिटांचं तर काम" याला उत्तर तयार ठेवा

महिन्याला चौदाच कामं का, हे एजंटला दिसत नाही. गोडोलीतला एखादा फ्लॅट घ्या. दिवाणखान्याच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो आणि मालकाला तो फोटोत हवाच असतो. दुपारी आतला उजेड धरला तर खिडकी पांढरीफटक पडते, किल्ला धरला तर सोफा अंधारात जातो. म्हणून ट्रायपॉड न हलवता कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन ते पाच फोटो घ्यायचे आणि नंतर ते जोडायचे. त्यात छतावरचा एलईडी पिवळा आणि बाहेरचा उजेड निळसर, त्यामुळे एकच भिंत दोन रंगांची दिसते, ती दुरुस्त करायची. दाराच्या चौकटी वाइड लेन्समुळे कललेल्या असतात, त्या सरळ करायच्या. आणि हे सगळं बाल्कनीतले ओले कपडे, फ्रीजवरचे डबे आणि बाथरूममधली बादली हलवून झाल्यावर! दीड तास शूट असेल तर एडिटिंगला तीन तास सहज जातात. एकदा मूळ फोटो आणि तयार फोटो शेजारी ठेवून व्हॉट्सॲपवर पाठवा. बोलण्यापेक्षा त्याने लवकर पटतं.

फोटो कोण, किती दिवस वापरणार ते विचारा

एजंटचा फ्लॅट विकला की फोटोचं काम संपतं. त्याला तळाचा दर ठीक. वाईजवळच्या होमस्टेवाल्याच्या बुकिंग साइटवर मात्र तेच फोटो वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणतात, त्याच्याकडून दीडपट-दुप्पट मागायला संकोच करू नका. बिल्डर ब्रोशर आणि होर्डिंगसाठी वापरणार असेल तर वापर किती, कुठे ते लिहूनच घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा असतो. परदेशी व्हिडिओंमध्ये याच्या उलट ऐकायला मिळतं, ते इथे चालत नाही. हक्क हवा असेल तर कोटेशनमध्येच तशी एक ओळ टाका आणि त्यावर त्याची सही घ्या.

बिल्डरने "समोरची हायटेन्शन लाइन पुसा" म्हटलं तर मात्र जास्त पैसे मिळाले तरी नाही म्हणा. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला रेरा या घरबांधणी-विक्रीवरच्या कायद्याच्या कलम १२ खाली बिल्डरकडे भरपाई मागता येते. त्या भानगडीत आपलं नाव कशाला?

प्रवास आणि ड्रोन वेगळे लावा

सातारा शहरात प्रवास दरातच धरा. कराड किंवा महाबळेश्वर म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर आणि अर्धा दिवस. पेट्रोल, टोल आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत दाखवा. ड्रोनची ओळही वेगळी. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर व्यावसायिक उड्डाणाला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर सर्टिफिकेटवाला माणूस बोलवा आणि त्याच्या पैशांवर आपला वाटा लावा.

घासाघीस

ती होणारच. "आत्ता कमी करा, पुढे भरपूर कामं देतो" यावर साधा उपाय: "चालेल काका, पाच कामं पूर्ण दराने होऊ द्या, सहाव्यापासून दहा टक्के कमी." ज्याच्याकडे खरंच कामं आहेत तो हसून हो म्हणतो. आणि तरीही दर उतरवायचा झाला तर काम कमी करा: पंचवीसऐवजी पंधरा फोटो, किंवा फक्त दिवसाचे, संध्याकाळचे नाहीत. तेवढंच काम स्वस्तात दिलं की पुढच्या वेळी तोच तुमचा दर होतो. ४० लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली म्हटली तरी ४०,००० होतात, हे बोलून दाखवायची गरज नाही, पण मनात असू द्या.

निम्मे पैसे तारीख धरतानाच घ्या. पाऊस आला तर एकदा तारीख फुकट बदलून मिळेल. मालकाने किल्लीच आणली नाही तर फेरीचे पैसे पडतील, हेही आधीच मेसेजवर लिहा. काम झाल्यावर आधी वॉटरमार्कचे छोटे फोटो पाठवा. मोठ्या फाइलची लिंक उरलेली रक्कम जमा झाल्यावर, मग समोरचा सख्खा मामेभाऊ का असेना.