पेटीवरची चाल बँडवर कशी बसवावी

पेटीवर आरती छान वाजते, म्हणून तीच चाल क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रोम्बोन आणि ट्यूबावाल्यांना वाटून दिली की काम झालं, असं वाटतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात सगळे एकच चाल सुरुवातीपासून वाजवत राहिले आणि तिसऱ्या कडव्याला ट्रम्पेटवाले ओठ चोळत बसले. पेटीचा भाता दमत नाही, माणूस दमतो. बँडसाठी लिहिताना सगळं त्यावरच ठरतं.

आधी वाजवणारे मोजा: कोणतं वाद्य, किती जण, कोण किती वर वाजवू शकतो. मग सूर धरा. ट्रम्पेट आणि नेहमीच्या क्लॅरिनेटवर कागदावरचा (म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतला) सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. आल्टो सॅक्सोफोनवर काळी दोन. गायकाच्या सोयीने पांढरी सहा धरलीत, तर शुद्ध सुरांच्या चालीतही ट्रम्पेटच्या कागदावर पाच शार्प, म्हणजे सूर अर्धा चढवायच्या खुणा, येतात, आल्टोच्या सहा. हौशी मंडळी तिथेच अडखळतात. सा काळी पाचवर ठेवा. ट्रम्पेट-क्लॅरिनेटला एकही शार्प नाही, आल्टोला एकच. हा हिशेब म्यूझस्कोअर हे फुकट सॉफ्टवेअर आपोआप करतं, पण चार ओळी हाताने लिहून पाहाच. बँडवाले सरगम वाचणारे असतील तर काम आणखी सोपं: अक्षरं सगळ्यांना तीच, फक्त कोणाचा सा कुठे ते सांगायचं.

आता चाल कोणाकडे? क्लॅरिनेटच्या खालच्या भागाच्या शेवटी, लिहिलेल्या जीपासून बी फ्लॅटपर्यंत, आवाज फिकट होतो आणि पुढच्या सुराला एकदम जवळजवळ सगळी बोटं मिटावी लागतात. आपल्या सुरात ते म्हणजे प, ध आणि कोमल नी, चालीचा अगदी वर्दळीचा भाग. म्हणून क्लॅरिनेटला चाल एक सप्तक वर द्या, तिथे ती खणखणीत बोलते. ट्रम्पेट तीच चाल खालच्या सप्तकात वाजवेल, तीही ध्रुवपदालाच. कडवं क्लॅरिनेट आणि आल्टोकडे सोपवा. तेवढ्यात ट्रम्पेटचे ओठ सावरतात आणि ध्रुवपद परत आलं की कान टवकारतात.

ट्यूबाला सा आणि प यांवर चालवा, पण लांब सूर देऊ नका. त्याला हवा फार लागते. दोन ट्यूबा असतील तर श्वासाच्या जागा वेगवेगळ्या खुणावून द्या. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सा आणि ग शेजारी ठेवले की नुसती घरघर होते. खाली सा-प मोकळे ठेवायचे आणि ग वर आल्टोकडे द्यायचा.

मधली जागा युफोनियमची (ट्यूबाचा धाकटा भाऊ), आणि खरी मजा तिथे. चाल थांबते तिथे त्याने दोन-चार सुरांचं उत्तर द्यावं. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टची १९०९ची मिलिटरी बँडसाठीची पहिली सुइट (छोट्या रचनांची माळ) स्वरलिपी समोर ठेवून ऐका. ट्यूबा आणि युफोनियमपासून निघालेली आठ मात्राखंडांची एकच धून पुढे कोणाकोणाकडे जाते, हे पेन्सिलीने खुणावत जा. होल्स्ट स्वतः ट्रोम्बोन वाजवायचा, ते कळतं.

ट्रोम्बोन दिसला की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लिहायचा मोह होतो. सांभाळून. त्याच्या सरकत्या नळीच्या सात जागा, म्हणजे एका सरकेत फार तर सहा अर्धस्वर. सा ते शुद्ध म बसू शकतं, तेही सुरुवातीची जागा सोयीची असेल तर; सा ते प एका दमात कधीच बसत नाही.

ढोलकी-ड्रमवाल्यांना ठेका आणि थांबण्याच्या जागा सांगा, बाकी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

पहिल्या तालमीला प्रत्येकाला विचारा, श्वास कुठे अपुरा पडला? तिथला एक सूर बिनधास्त खोडा. मिरवणुकीत वाजवायचं असेल तर कागद वाद्याला चिमट्याने लावलेला असतो आणि पान उलटायला हात मोकळा नसतो. प्रत्येकाची ओळ पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या एकाच बाजूला मावली पाहिजे. मावत नसेल तर कडवी कमी करा, अक्षर बारीक करू नका.