आठवणीची चित्रकथा करताना: कोल्हापुरातल्या नव्या चित्रकारांसाठी

स्वतःच्या जगण्यावर चित्रकथा करायची म्हटलं की नवखा चित्रकार सगळं बालपण एकदम कवेत घ्यायला जातो. आजोळ, शाळा, रंकाळ्याची संध्याकाळ, दसऱ्याचं सोनं. चित्रं देखणी होतात, पण पान उलटायची ओढ लागत नाही, कारण हातात गोष्ट नसते, अल्बम असतो. गोष्टीला एकच प्रसंग पुरतो. त्यातलं माणूस शेवटी थोडं तरी बदललेलं हवं, एवढंच.

गंगावेशीतला दूध कट्टा घ्या. म्हशीची धार थेट ग्लासात पडते, वर फेस येतो. ‘लहानपणी बाबांबरोबर कट्ट्यावर दूध प्यायचो’ ही आठवण झाली. ‘म्हशीला भिणारं पोर बाबांच्या मागून पुढं येतं आणि स्वतः ग्लास धरतं’ ही गोष्ट. हे एक वाक्य लिहून भिंतीवर लावा, पुढचे निम्मे निर्णय तेच घेतं. नजर पोराच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण मीटरभर. पहिल्या पानांवर म्हैस पुरती दिसतच नाही: नुसतं काळं पोट, पानाबाहेर गेलेली शिंगं, बाबांच्या पायांच्या फटीतून दिसणारी शेपटी. शेवटच्या पानांवर तीच म्हैस अख्खी, डोळ्यांसकट. चित्रात दिसतंय ते खाली पुन्हा लिहू नका. ‘ग्लासात फेस आला’ हे वाक्य वाया जातं. ‘भितोस व्हय रं?’ एवढं पुरतं.

मग त्या जागी परत जा. स्मरणावर विसंबलं की सगळं गुळगुळीत होतं. तालमीतले पैलवान आठवून काढले तर सगळे सारखेच दंड फुगवून उभे राहतात. समोर बसून काढले की मोडलेले कान दिसतात, अंगाला चिकटलेली लाल माती घामाच्या जागी गडद झालेली दिसते. तालमीत वही उघडण्याआधी वस्तादांना विचारायचं. मोबाइलवरचा फोटो तपशिलाला ठीक, पण तो जवळच्या वस्तू फुगवतो आणि सावल्या काळ्याठिक्कर करतो. त्यामुळं पाच-पाच मिनिटांची स्केचेस करा आणि बाजूला रंगाचं नाव, आवाज, वास शब्दांत टिपून ठेवा.

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, न करता थेट रंगकामाला बसल्यामुळं. पहिल्या पुस्तकाला 16 पानं बास. चार ए4 कागद एकत्र दुमडले की ए5 आकाराची 16 पानं मिळतात. पान 1 शीर्षकाचं, 2 ते 15 मध्ये सात जोडपानं (उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं), 16 शेवटचं. पेन्सिलनं ओबडधोबड चित्रं काढा, मजकूर चिकटवा आणि गोष्ट माहीत नसलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. तुम्ही गप्प बसायचं. वाचणारा कुठं मागं पान उलटतो, तिथं गोष्ट तुटलेली असते. धक्का किंवा उलगडा कायम पान उलटल्यावर यायला हवा, म्हणजे डाव्या पानावर. उजव्या पानावर ठेवला तर डोळा आधीच तिकडं पळतो.

डमीतून आणखी एक गोष्ट कळते. पिनेनं शिवलेल्या पुस्तकात फक्त पान 8-9 एका सलग कागदावर असतं. बाकीची जोडपानं दोन वेगळ्या कागदांवर छापली जातात आणि दुमडताना रेघ मिलिमीटरभर सरकू शकते. म्हणून रंकाळ्याचं लांबरुंद दृश्य 8-9 वर ठेवा आणि चेहरा कुठल्याच घडीवर येऊ देऊ नका.

मूळ चित्र सव्वापट मोठं काढावं. ए5 चं जोडपान 296 बाय 210 मिमी, चहूबाजूंनी 3 मिमी कटिंगची जागा धरून 302 बाय 216. त्याच्या सव्वापट 378 बाय 270, म्हणजे ए3 कागदात आरामात बसतं. मजकूर कडेपासून किमान 10 मिमी आत. जलरंगासाठी 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या. हलका कागद फुगतो, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायला फार वेळ लागतो. घाई करून वर दुसरा थर दिला की खालचा उचलला जातो. स्कॅनिंग 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके), पण फिकट वॉश स्कॅनरमध्ये उडून जातात, म्हणून मूळ चित्रातच ते थोडे गडद ठेवा.

छपाईत सगळ्यात जास्त निराशा करतो तो जोतिबाचा गुलाल. तो झळझळीत गुलाबी छपाईच्या चार रंगांच्या शाईत (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा) बसतच नाही, मळकट होतो. उपाय शेजारच्या रंगांत आहे: दगड, कपडे, आकाश करड्याकडे झुकवा, की तोच गुलाबी उठून दिसतो. सगळ्या प्रती छापण्याआधी त्याच कागदावर एक जोडपान छापून उजेडात बघाच. अक्षरं मात्र निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून केलेल्या काळ्यात बारीक अक्षरांच्या कडा फाटतात.

गोष्ट तुमची असली तरी त्यातली माणसं तुमची नसतात. 2019 किंवा 2021 च्या महापुरावर काम करायचं असेल तर ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना डमी दाखवा, नको म्हणतील ते पान काढा. नावं, घराचा रंग, दुकानाची पाटी बदलली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही.

प्रकाशकाला देताना हक्क विकताय की ठरावीक वापराची परवानगी देताय, हे लेखी हवं. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर भारतीय कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात दिसले की मानधन त्या मानानं मागा. मूळ चित्रं परत मिळतील, हेही त्यातच लिहून घ्या.