एकाच स्टाफरूममध्ये चार तऱ्हेचे पगार: सीएचबी, विनाअनुदानित आणि शिक्षणसेवक मंडळींनी काय काय सांभाळायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात जा, एकाच टेबलावर चहा पिणाऱ्या चौघांचे पगार चार तऱ्हेचे निघतात. कायम असिस्टंट प्रोफेसरची सुरुवात सातव्या वेतन आयोगात 57,700 मूळ वेतनापासून, भत्ते वरून वेगळे, आणि त्याच वर्गाला तोच विषय शिकवणारा सीएचबीवाला (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे) तासावर, ते पण बिल निघेल तेव्हा. शाळेत शिक्षणसेवकाला, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाला, 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000 मिळतात, त्याआधी 6, 8 आणि 9 हजार होते. विनाअनुदानितवाल्याचं म्हणाल तर संस्था देईल ते. अशा लोकांसाठी कोणी तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवलं की मला खरंच राग येतो, तीन-तीन महिने पगार नाही त्याला दीर्घ श्वास घेऊन झोप लागणार आहे का? म्हणून आधी कागद आणि पैसा बघू, मनाचं त्यानंतर.

सगळ्यात पहिले स्वतःची एक वही घाला. "एफवाय बीए, मराठी, तिसरा तास, 10:40 ते 11:30, काय शिकवलं" एवढं रोजच्या रोज लिहायचं, आणि तासाशिवाय जे करून घेतात ते पण, म्हणजे सुपरव्हिजन, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, अ‍ॅडमिशनच्या वेळी खेड्यापाड्यात फिरणं, सगळं. महिना संपला की विभागप्रमुखांची सही घ्यायची, नाही दिली तर महिन्याचा गोषवारा स्वतःच्या मेलवरून प्राचार्यांना पाठवून द्यायचा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. हजेरीपट संस्थेच्या कपाटात असतो आणि वाद झाला की नेमका तोच सापडत नाही. नियुक्तीपत्र, मान्यतेचं पत्र, जाहिरातीचं कात्रण, "सर उद्यापासून या" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळ्याचे फोटो मोबाइलबाहेर पण कुठेतरी ठेवा.

पगार बँकेतच घ्या. काही ठिकाणी खात्यावर पूर्ण टाकतात आणि निम्मा रोख परत मागतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये पण बोलत कोणी नाही. लगेच भांडायची ताकद नसेल तर निदान कधी काढले, किती दिले, कोणाच्या हातात दिले हे त्याच वहीत लिहून ठेवा. आणि "कायम करून देतो" म्हणून शेत विकून पैसे द्यायला लावणारा भेटला तर कृपा करून घरच्यांशी आणि एखाद्या वकिलाशी बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मंजूर जागा आहे का, संचमान्यतेत (सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) ती दिसते का, वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला नंबर) मिळणार का, हे कागदावर दाखवा म्हणायचं. तोंडी शब्दावर घरं बसलीयेत.

बिल अडकलं असेल तर नुसतं क्लार्कच्या मागे फिरू नका. अनुदानित ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. शाळेचं असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयात किंवा वेतन पथकाकडे, कॉलेजचं असेल तर उच्च शिक्षण सहसंचालकांच्या जळगावच्या ऑफिसला. प्रश्न छोटे ठेवा: या महिन्याचं बिल कॉलेजकडून कोणत्या तारखेला आलं, त्रुटी काढली का, आता कोणत्या टेबलावर आहे. कॉलेज म्हणतं तिकडे अडकलं, तिकडून कळतं की बिल आलंच नाही, हा खेळ अशा अर्जाने थांबतो.

खाजगी शाळेतून काढून टाकलं तर तारीख लक्षात ठेवा, 1977 च्या सेवाशर्ती कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील 30 दिवसांत करायचं असतं. "संस्थाचालक आपलेच आहेत, घेतील परत" या आशेवर महिना निघून जातो. शिक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाही असं सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच सांगितलंय, त्यामुळे कामगार न्यायालयाच्या नादात वेळ घालवू नका. ग्रॅच्युइटी मात्र खाजगी शाळेच्या शिक्षकाला पण आहे, 2009 च्या दुरुस्तीने ती 1997 पासून लागू झाली आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, पाच वर्षं सलग झाली असतील तर सोडताना लेखी मागा. पीएफ कापतात का नुसतं दाखवतात ते उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघा.

घरखर्चाचं अवघड असतं ते उन्हाळ्यात. सीएचबीला मे महिना कोरडा, आणि कायमवाल्यांना पतसंस्थेचं कर्ज मिळतं तसं आपल्याला मिळत नाही, मग सोनाराकडे जावं लागतं. म्हणून बिल एकदम निघालं की आधी उन्हाळ्याचे किराणा-भाडे बाजूला काढायचे, मागची उधारी त्यानंतर. तळोद्याहून धडगावचा घाट रोज गाडीवर चढणाऱ्यांनी बँकेत 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा, दोन्ही वर्षाचे, चालू करून ठेवा, दोन्हीला 2 लाखांचं संरक्षण आहे.

झोप उडाली असेल, वर्गात जायचं म्हटलं तरी छातीत धडधडत असेल, तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजायचं काही कारण नाही, पगार न येणं हा तुमचा दोष नाहीये.

आता कायम असलेल्या सर-मॅडमांना. निरोप समारंभाची वर्गणी लाखभर पगारवाल्याला पण 500 आणि नऊ हजारवाल्याला पण 500, हे बंद करा, आणि कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका. "पगार उना का रे भो?" असं सगळ्यांसमोर विचारू नका, बाजूला घेऊन विचारा. सीएचबीवाल्याला आपले तास ढकलू नका. आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यांच्या बिलाचा विषय तुम्ही काढा, तुमची नोकरी पक्की आहे, त्यांनी काढला तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावतीलच याची खात्री नाही.