क्रोएशियाच्या बास्केटबॉलपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी

क्रोएशियाच्या एखाद्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूविषयी माहिती शोधू लागले, की सर्वांत आधी हाती येतो तो त्याच्या एनबीएमधील, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील, आकडेवारीचा तक्ता, आणि बहुतेक वाचक तेथेच थांबतात. तो तक्ता खोटा नसतो, पण अपुरा असतो. या देशातील खेळाडू अमेरिकेत पोहोचतो तेव्हा त्याच्या गाठीशी अनेकदा युरोपातील व्यावसायिक सामन्यांची पाच-सात वर्षे असतात, आणि त्याची उत्तम कामगिरी कधीकधी याच वर्षांतली असते. त्यामुळे एनबीएचा तक्ता सुरुवातीला बाजूला ठेवावा आणि खेळाडू व्यावसायिक संघात प्रथम उतरला त्या हंगामापासून स्वतःची वर्षवार नोंद तयार करावी.

या नोंदीत प्रत्येक हंगामासमोर क्लब, स्पर्धा आणि देश अशा तीन गोष्टी लिहाव्यात. युरोपातील क्लब एकाच हंगामात देशांतर्गत लीग, चषक आणि युरोपीय स्पर्धा खेळतो. 2001 पासून क्रोएशियाचे प्रमुख क्लब शेजारी देशांतील क्लबांबरोबरच्या अॅड्रियाटिक लीगमध्येही खेळू लागले. या सर्वांची सरासरी एकत्र केली, तर दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे गुण आणि युरोलीग या युरोपातील अव्वल क्लब स्पर्धेतले गुण एकाच मापाने मोजले जातात. क्लबांच्या नावांबाबतही सावध राहावे, कारण प्रायोजक बदलला की नाव बदलते. क्रोएशियाच्या टोनी कुकोचने 1989, 1990 आणि 1991 अशी सलग तीन वर्षे युरोपीय विजेतेपद मिळवले. त्यांतील पहिली दोन युगोप्लास्तिका या नावाखाली आणि तिसरे पॉप 84 या नावाखाली नोंदलेले दिसते. तो एकच क्लब आहे, स्प्लिट शहराचा.

देशाचा रकाना भरताना 1991 हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्या जूनमध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. त्यापूर्वीची सर्व आंतरराष्ट्रीय पदके युगोस्लाव्हियाच्या नावावर आहेत. क्रोएशियाचा नामवंत खेळाडू ड्राझेन पेत्रोविच याचे 1984 चे ऑलिंपिक कांस्य व 1988 चे रौप्य युगोस्लाव्हियाकडून आहे, तर 1992 च्या बार्सिलोना स्पर्धेतील रौप्य क्रोएशियाकडून आहे, जेथे अंतिम सामन्यात अमेरिकेने त्यांना 117–85 असे हरवले. जन्मस्थळावरूनही राष्ट्रीय संघ ठरवू नये: बोयान बोग्दानोविच आणि इवित्सा झुबात्स हे दोघेही बोस्निया आणि हर्झेगोविनातील मोस्तारचे, पण खेळले ते क्रोएशियाकडून. याच बोयानची आणि सर्बियाच्या बोग्दान बोग्दानोविचची आकडेवारी एकमेकांत मिसळणे ही तर नेहमीची चूक आहे, तेव्हा नाव पूर्ण वाचावे.

ड्राफ्टचे वर्ष म्हणजे पदार्पणाचे वर्ष, असे गृहीत धरू नये. ड्राफ्ट म्हणजे एनबीएतील संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याची पद्धत, आणि तिच्यामुळे संघाला त्या खेळाडूवर हक्क मिळतो. खेळाडू मात्र युरोपातील करार पूर्ण होईपर्यंत किंवा करारमुक्तीची रक्कम ठरेपर्यंत तेथेच राहू शकतो. एनबीएतील पोर्टलँड संघाने पेत्रोविचला 1986 मध्ये तिसऱ्या फेरीत, 60 व्या क्रमांकावर निवडले, पण तो तेथे पोहोचला 1989 मध्ये. मधल्या काळात तो आधी झाग्रेबच्या त्सिबोनाकडून आणि नंतर रेआल माद्रिदकडून खेळला. दारियो शारिच 2014 मध्ये 12 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढील दोन हंगाम इस्तंबूलच्या अनादोलू एफेसकडे राहिला. बोयान बोग्दानोविच 2011 मध्ये निवडला जाऊनही तुर्कस्तानच्या फेनेरबाहचेकडून खेळून 2014 मध्ये अमेरिकेत आला. ही मधली वर्षे प्रतीक्षेची म्हणून सोडून देऊ नयेत, कारण खेळाडू पुढे काय झाला याचे उत्तर बरेचदा त्यांतच सापडते. 60 वा क्रमांक पाहून पेत्रोविचला कमी लेखणाऱ्याने हेही पाहावे, की निवड झाली त्या वर्षापर्यंत त्सिबोनाने 1985 आणि 1986 अशी दोन युरोपीय विजेतेपदे त्याच्याच बळावर जिंकली होती.

आता आकड्यांकडे वळावे. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सामना 40 मिनिटांचा असल्यामुळे सामन्यामागील गुणांची थेट तुलना करू नये. खेळलेली मिनिटे शेजारी मांडावीत. तीन गुणांची रेषाही सारखी नाही. आंतरराष्ट्रीय मैदानावर ती 1984 पासून 6.25 मीटरवर होती आणि 2010 मध्ये 6.75 मीटरवर गेली. एनबीएमध्ये ती मध्यभागी 7.24 मीटरवर आहे, पण 1994 ते 1997 या तीन हंगामांत तिथेही ती जवळ आणली होती. तेव्हा एनबीएत खेळणाऱ्या कुकोचची त्या काळातील टक्केवारी वाचताना हा तपशील विसरून चालणार नाही.

संपूर्ण कारकिर्दीची सरासरी हा माझ्या मते सर्वांत फसवा आकडा आहे. पेत्रोविचची एनबीएतील एकूण सरासरी 15.4 गुणांची दिसते, आणि ती वाचून चांगला पण साधारण खेळाडू असावा असा ग्रह होतो. हंगाम सुटे केले की चित्र पालटते: पहिल्या वर्षी पोर्टलँडमध्ये सुमारे साडेबारा मिनिटांत 7.6 गुण, जानेवारी 1991 मध्ये न्यू जर्सी संघाकडे बदली, त्यानंतर 1991–92 मध्ये 20.6 आणि 1992–93 मध्ये 22.3. त्या जूनमध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, जर्मनीतील रस्ता अपघातात त्याचा मृत्यू झाला. म्हणजे 15.4 या आकड्यात बाकावर बसवलेली दीड वर्षे आहेत आणि पुढे आली असती ती बहराची वर्षे नाहीत.

याउलट काही आकडे प्रसंग न पाहता डोळे दिपवतात. 1985 मध्ये पेत्रोविचने ओलिंपिया ल्युब्लियानाविरुद्ध 112 गुण केले, पण त्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांनी युवा खेळाडू मैदानात उतरवले होते. 1989 च्या चषकविजेत्यांच्या युरोपीय अंतिम सामन्यात इटलीच्या कासेर्ता क्लबविरुद्ध केलेले 62 गुण, तोही सामना जादा वेळेत गेला असला तरी, मला कितीतरी अधिक मोलाचे वाटतात.

विजेतेपदांच्या यादीतही प्रसंग तपासावा लागतो. 1983 च्या युगोस्लाव्ह लीगच्या निर्णायक सामन्यात 18 वर्षांच्या पेत्रोविचने वेळ संपल्यानंतर मिळालेले दोन्ही फ्री थ्रो (अडथळ्याविना मिळणारे फेक) यशस्वी करून शिबेनिक शहराच्या शिबेनका क्लबला बोस्ना या क्लबविरुद्ध 83–82 असे जिंकून दिले. दुसऱ्या दिवशी महासंघाने तो निकाल रद्द करून नोव्ही साद शहरात फेरसामना ठरवला, शिबेनकाने तो खेळण्यास नकार दिला आणि विजेतेपद बोस्नाला मिळाले. यादीत ते वर्ष बोस्नाच्या नावावर दिसेल. शिबेनिक शहर ते आजही आपलेच मानते. अशा वेळी अधिकृत निकाल लिहून त्याखाली घडलेला प्रकार नोंदवणे योग्य ठरते.

नोंदीतील रिकाम्या जागा तशाच सोडू नयेत. शारिचचा 2021–22 चा हंगाम तक्त्यात सापडत नाही, कारण 2021 च्या एनबीए अंतिम मालिकेतील पहिल्याच सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. राष्ट्रीय संघाकडील गैरहजेरीचे कारण वेगळे असू शकते: 2017 च्या अखेरीपासून पात्रता सामने हंगामाच्या मध्येही होतात आणि एनबीएतील खेळाडूंना तेव्हा मोकळीक नसते.

शेवटचा हंगाम शोधतानाही अमेरिकेपाशी थांबू नये. दिनो राजा (हे आडनाव आहे, पदवी नव्हे) 1997 मध्ये बोस्टन सोडून गेला, आणि एनबीएचा तक्ता तेथेच संपतो. त्यानंतर तो पानाथिनाइकोस, झादार, ओलिंपियाकोस आणि त्सिबोना या क्लबांकडून खेळला आणि 2003 मध्ये जेथून सुरुवात केली त्या स्प्लिटमध्येच थांबला. ही सहा वर्षे नोंदीत आल्याशिवाय त्याची कारकीर्द पूर्ण वाचली असे म्हणता येत नाही.